काकड्यांना थंडी बाधली तेव्हा

यंत्र चालू असलं की आम्हाला झोप लागायची आणि बंद पडलं की जाग यायची. पनवेलच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फाचा कारखाना होता आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून आमचं घर. भिंत एकच. पलीकडे दिवसरात्र धडधड चालायची, ती आमच्या फळीवरच्या पितळी डब्यांत उतरायची, हंड्यातल्या पाण्यावर तिचे बारीक तरंग उठायचे. पाहुण्यांचं पहिल्या दिवशी डोकं दुखायचं. आम्हाला मात्र त्या आवाजाचा अर्थ एवढाच होता की बाबा कामावर आहेत आणि सगळं ठीक आहे. मधेच तो थांबला की आई हातातली पळी तशीच धरून भिंतीकडे बघत राहायची, आणि आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. काळजी करायची सवय मला त्या भिंतीनं लावली. अजून माझ्या स्वयंपाकघरातला फ्रीज गुरगुरायचा थांबला की माझा हात थांबतो, आणि सुना एकमेकींकडे बघून हसतात.

बाबा त्या कारखान्याचे मिस्त्री होते. नाव अब्राहम, पण अख्खं गाव त्यांना मिस्त्रीच म्हणायचं आणि खाडीकडच्या आगरी बायका मिस्तरी. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या गोदीत, जहाजांच्या थंड कोठारांवर काम केलं होतं. तिथून येताना ते एक पक्की समजूत घेऊन आले होते: थंडी जितकी जास्त, तितकी वस्तू सुखरूप. मासळीच्या बाबतीत ते खरंच होतं. कारखान्यात बर्फाच्या लाद्या व्हायच्या, आणि त्याला जोडून मासळीसाठी एक थंड खोली होती. जाड भिंतींमध्ये लाकडाचा भुसा ठासलेला, छताखाली नळ्यांची रांग, नळ्यांवर पांढरं हिम साचलेलं. त्या खोलीच्या आधी एक छोटी पुढची खोली लागायची. उरण-पेणकडे जायच्या लाद्या टेम्पो येईपर्यंत तिथे थांबायच्या. तिथेही गारवा असायचा, पण पहाटेच्या हवेसारखा, सोसण्याजोगा. बाबा रोज सकाळी आतल्या खोलीत जाऊन भिंतीवरचा थर्मामीटर बघायचे आणि मिशीवर दव घेऊन बाहेर यायचे.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. बोलायचो मराठीच. माशाची नारळ घातलेली आमटी, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या हे आमचं रोजचं जेवण. पण शुक्रवारचा सूर्य मावळला की शब्बाथ सुरू व्हायचा आणि घरातली सगळी कामं थांबायची. आई काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल ओतून वाती लावायची, बाबा मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हणायचे, आणि शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत ते यंत्राला हात लावायचे नाहीत. तो दिवस हसनभाई सांभाळायचे. ते बाबांचे कामातले जोडीदार. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला बाबा त्यांना सोडायचे, शनिवारी ते बाबांना. हे दोघांनी कधी बोलून ठरवलं असेल असं मला वाटत नाही.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरात होते. आई म्हणायची दीनाचं लग्न, बाबा म्हणायचे मुंबईला मामाकडे राहून कॉलेज. दोघांचं एकमत होईपर्यंत मी नारळ खवत होते आणि बाबांचा चहा घेऊन कारखान्यात जात होते. यंत्राच्या खोलीत मला मोकळीक होती. कुठली चकती फिरवली की काय होतं, हे मला कळायचं, आणि ते कळतं याचा बाबांना आनंद होता, तो ते आईपासून लपवायचे.

चांगुणामावशी रोडपालीची. आठवड्यातून एकदोनदा डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि आमच्या ओट्यावर टेकवायची. कोवळ्या काकड्या, काटेरी देठाची वांगी, मुळे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात म्हातारी सासू आणि माझ्याच वयाची लेक. तिघी मिळून विहिरीच्या पाण्यावर माळवं करायच्या. मावशी बोलायची मोठ्यानं, हसायची त्याहून मोठ्यानं, आणि आई तिच्याशी घासाघीस करायची ती केवळ तिचं बोलणं ऐकायला मिळावं म्हणून.

पौष सरला आणि एका सकाळी ती आली ती पाटीशिवाय. ओट्यावर बसली नाही.

"मिस्तरी हायत का, बाय?" तिनं आईला विचारलं. "बांद फुटला आमचा."

रोडपालीची शेतं खाडीला लागून. मातीचा एक लांब बांध खाडीचं खारं पाणी अडवून धरायचा, म्हणून आत भात व्हायचा आणि उंचवट्यावर हिवाळ्यात भाजी. त्या बांधाला चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, आतून बिळं पाडली होती आणि अमावास्येच्या भरतीनं तिथेच खांड पडली होती. आता दर भरतीला पाणी आत येत होतं आणि दरवेळी थोडं पुढे सरकत होतं. खारं पाणी एकदा माळव्यात शिरलं की वेल करपतात, आणि पावसानं जमीन धुऊन काढेपर्यंत तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही.

"बापये समदे बांदावर चिकल टाकतान," मावशी म्हणाली. "बाया माळवा काडतान. हाय तेवडा काडून घेतो. पन एवडा माल एका टायमाला बाजारात कोन घेल? आनी इकाया बसायला मानूस कुठं हाय? तुमच्या त्या थंड खोलीत ऱ्हाईल का, मिस्तरी? खांड बुजेपरत?"

बाबा तेलकट फडक्याला हात पुसत उभे होते. कारखान्याचे मालक मुंबईला राहायचे, त्यांना विचारायला वेळ नव्हता. त्या आठवड्यात मासळीही फारशी आली नव्हती, खोली निम्मी रिकामी होती.

"आणा," बाबा म्हणाले. "थंडीत काही नासत नाही. महिनाभर राहिली तरी आज तोडल्यासारखी देतो."

दुपारपासून बैलगाड्या यायला लागल्या. काकड्यांच्या पाट्या, वांग्यांची पोती, मुळ्यांच्या जुड्या. कारखान्यात एरवी अमोनियाचा आणि मासळीचा वास भरलेला असायचा, तिथे एकदम ओल्या मातीचा आणि काकडीच्या वेलाचा वास सुटला. बायका पाट्या उतरवत होत्या आणि मागे वळून वळून खाडीच्या दिशेला बघत होत्या, इथून काही दिसत नसलं तरी. मावशीचा माल पहिल्या गाडीत होता. बाबांनी हसनभाईंना हाक मारून सांगितलं, "चांगुणाबाईंच्या पाट्या सगळ्यात आत लावा, नळ्यांच्या खाली. तिथे गारवा उत्तम." मग मागून आलेल्यांच्या पाट्या लागत लागत दारापर्यंत आल्या. दार लावताना बाबा खूश होते. त्यांनी यंत्राची चकती थोडी अजून फिरवली, मासळीपेक्षाही जास्त काळजी घ्यायची म्हणून.

काही दिवस गेले. बांधाचं काम पुढे सरकत होतं आणि मागेही येत होतं. ओहोटीत टाकलेला चिखल भरती घेऊन जायची. गावात तांदूळ संपत आले तेव्हा मावशी थोडी भाजी बाजारात विकायला न्यायला आली. आतून निघालेल्या काकड्या बघून आम्ही सगळे थक्क झालो. हिरव्यागार, टणक, वर दवाचे थेंब. मावशीनं एक काकडी गालाला लावली आणि शहारून हसली. "बाय बाय, ही तर नवरीवानी सजली!"

दुपारी ती परत आली. पाटी ओट्यावर टेकवली नाही, जवळजवळ टाकली. काकड्यांच्या सालीवर बारीक खड्डे पडले होते, जणू कुणी नखानं टोचून ठेवलं होतं. काही ठिकाणी साल पाणी सुटल्यासारखी काचेरी झाली होती आणि बोट लावलं की चिकट लागायची. वांग्यांचे देठ काळे पडले होते. आईनं एक वांगं चिरलं, तर आतल्या बिया तपकिरी.

"गिराइकांनी तोंडावर फेकली," मावशी म्हणाली. तिचा आवाज मी कधी इतका लहान ऐकला नव्हता. "म्हनतान, उकडून आनलीस का गो?"

बाबांनी काकडी हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली. "ऊन लागलं असणार. इतक्या थंडीतून एकदम उन्हात नेली ना. पुढच्या वेळी ओल्या फडक्यात गुंडाळून न्या." आणि आत जाऊन त्यांनी थंडी अजून वाढवली.

पुढच्या वेळी फडक्यात गुंडाळून नेलेली भाजीही तशीच झाली. त्याच्या पुढच्या वेळी जास्त लवकर. आता रोडपालीतून रोज कुणी ना कुणी बाई येऊन कारखान्याच्या दारात उभी राहायला लागली. काही विचारायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. गावात बोलणं सुरू झालं की यंत्रातला विषारी वायू भाजीत शिरला, म्हणून ती सडते. ते बाबांच्या कानावर आलं तेव्हा ते ताटावरून उठले. गंधकाची कांडी पेटवून त्यांनी प्रत्येक नळीच्या प्रत्येक सांध्यापाशी धरली. थंडी करणारा अमोनिया वायू गळत असला तर गंधकाशी मिळून त्याचा दाट पांढरा धूर सुटतो. कुठेच सुटला नाही. बाबा बाहेर आले ते आणखीच घाबरलेले. गळती सापडली असती तर ती बुजवता आली असती. आता काय बुजवायचं, हे त्यांना कळत नव्हतं. आई त्यांच्या पुढ्यात भाकरी ठेवायची आणि ती थंड होताना बघत बसायची. भिंतीपलीकडची धडधड चालू होती, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच मला तिची भीती वाटायला लागली.

एका सकाळी आईनं मुळ्याची भाजी करायला घेतली. मावशीनं आतल्या मालातूनच दोन जुड्या आम्हाला दिल्या होत्या. मी मुळा किसत होते, तो कुरकुरीत होता, पांढराशुभ्र, रसाळ. मी किसणी खाली ठेवली. मुळा त्याच खोलीत होता, तेवढेच दिवस, त्याच थंडीत. विषारी वायू असता तर त्यानं मुळ्याला का सोडलं असतं? ऊन तर यालाही लागलं होतं, मावशीनं भर दुपारी आणून दिला होता.

मी बाबांना न विचारता कंदील घेऊन थंड खोलीत शिरले. दात वाजत होते. नळ्यांखालच्या पाटीतली एक काकडी काढली, मधल्या रांगेतली एक, आणि दाराजवळची एक. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात झिजलेलं होतं, तिथून बाहेरची हवा थोडी थोडी आत यायची. बाबांनी ते बदलायचं ठरवलेलं होतं, राहून गेलं होतं. तिन्ही काकड्या मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं ठेवल्या आणि कामाला लागले. पण काम कसलं होतं, मी सारखी खिडकीपाशी जात होते. संध्याकाळपर्यंत आतल्या काकडीवर खड्डे उमटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मधलीवर उमटले, थोडे कमी. दाराजवळची तशीच होती, हिरवी, टणक.

ती शुक्रवारची सकाळ होती. बाबा चहा पीत होते. मी तिन्ही काकड्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि कुठली कुठे होती ते सांगितलं.

"बाबा, उन्हानं नाही, थंडीनंच होतंय हे. जिथे थंडी जास्त, तिथे नास जास्त. बाहेर आल्यावर दिसतं एवढंच."

"थंडीनं कधी काही नासतं का?" बाबा ओरडले. ते माझ्यावर सहसा ओरडत नसत. "गोठलेली नाहीये ती. थर्मामीटर मी रोज बघतो. गोठल्याशिवाय थंडी काय करणार तिला?"

पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं की काकडी, वांगी, भेंडी यांचा जन्म उबेतला, त्यांना गोठायच्या कितीतरी आधी थंडी बाधते. आतल्या आत इजा होते, थंडीत ती झाकलेली राहते आणि उबेत आली की वर फुटते. मुळा, कोबी यांना त्या थंडीचं काही वाटत नाही. तो धडा वाचताना वर्गात मला घाम फुटला होता. पण त्या सकाळी माझ्याजवळ फक्त तीन काकड्या होत्या.

चुलीपाशी बसलेली आई हळूच म्हणाली, "अहो, मागे एकदा तुम्ही केळ्यांचा घड ठेवला होता त्या खोलीत. दीनाच्या मामाच्या लग्नाला न्यायचा म्हणून. काळा कुळकुळीत होऊन बाहेर आला होता."

बाबांनी कप खाली ठेवला. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "गोदीत केळ्यांची जहाजं यायची. त्यांचं कोठार निराळं असायचं. आमचा साहेब सांगायचा, ते फार थंड करू नका. मला वाटायचं, ते केळ्यांपुरतं आहे." ते उठले. "आज शुक्रवार आहे. सूर्य मावळायच्या आत सगळं बाहेर काढायला हवं."

बाहेर म्हणजे पुढच्या खोलीत. आतली खोली ऊबदार करता येत नव्हती, संध्याकाळी उरणहून मासळी यायची होती. पुढच्या खोलीतल्या लाद्या हसनभाईंनी टेम्पोत चढवून लावून दिल्या, फरशी कोरडी केली, पेंढा पसरला. भिंतींवर ओली गोणपाटं टांगली, म्हणजे हवा सुकणार नाही आणि भाजी सुरकुतणार नाही. आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं ठेवायचं, तेवढ्यातून येईल तेवढाच गारवा. मुळे आतच राहतील. काकड्या आणि वांगी पुढे येतील, आणि एकेक हातात घेऊन बघायची, मऊ पडलेली निराळी काढायची, नाहीतर एकीची कूज सगळ्यांना लागेल.

रोडपालीहून बायका आल्या त्या हे ऐकून खवळल्या. त्यांच्या दृष्टीनं हे उलटंच होतं. आत असताना भाजी चांगली दिसत होती, बाहेर काढली की सडत होती. आणि आता मिस्तरी सगळीच बाहेर काढायला निघाला होता.

"नाय, नाय, हात लावू नका," एक म्हातारी दारात आडवी उभी राहिली. "भायेर काडली का कुजते, आमी डोल्यानी बगितला. ऱ्हाऊ दे ती आतच."

"आत राहिली तर सगळी जाईल, आजी," बाबा म्हणाले.

"तुमी तवा पन सांगितला, थंडीत नासत नाय. आता सांगतान, थंडीनीच नासते. तुमचा कंचा बोलना खरा धरायचा?"

बाबा मान खाली घालून उभे राहिले. मी घरात धावत गेले, तिन्ही काकड्या आणल्या आणि चांगुणामावशीच्या हातात दिल्या. कुठली कुठे होती ते सांगितलं. तिनं त्या एकेक करून दाबून पाहिल्या. नळ्यांखालची काकडी तिनं ओळखली असणार, तिच्याच पाटीतली होती. ती आत बघायला लागली, खोलीच्या टोकाला, जिथे तिच्या पाट्या होत्या. मग तिनं पदर खोचला.

"काडा," ती म्हणाली. "माजी आदी काडा."

त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. बायका, हसनभाई, बाबा, मी, अगदी आईसुद्धा. आतून बाहेर, आतून बाहेर. बोटं बधिर व्हायची, मग काखेत धरून ऊब द्यायची. ऊन कलायला लागलं तशी आईची नजर सारखी आभाळाकडे जाऊ लागली. शेवटी ती घरात गेली. शेवटची पोती लागत असताना भिंतीच्या पलीकडून तिची हाक आली, "अहो, वाती लावतेय मी." बाबांनी हसनभाईंकडे पाहिलं.

"जा मिस्त्री," हसनभाई म्हणाले. "मी आहे ना. खुदा खैर करेल."

तो शनिवार मला आयुष्यातल्या सगळ्यात लांब दिवसांपैकी एक वाटतो. सकाळी बाबा प्रार्थनेला गेले. आमची माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची. तिथून परत आले, पांढऱ्या सदऱ्यात अंगणातल्या खुर्चीवर बसले आणि बसूनच राहिले. पलीकडे यंत्राचा आवाज हळू झालेला ऐकू येत होता, खोलीत फारशी मासळी नसेल तेव्हा चालवायचं ठरलं होतं तसा. मग मधेच तो वाढला. बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला.

"मी जाऊन नुसतं बघून येऊ?" मी विचारलं. "बघणं म्हणजे काम नव्हे."

"तू बघशील, मग मला सांगशील," बाबा म्हणाले. "सांगितलंस की मी उठेन. उठलो की हात जाणारच." थोड्या वेळानं ते म्हणाले, "बस इथे. माझ्याजवळ बस."

दुपारी हसनभाई कुंपणापाशी आले. शब्बाथच्या दिवशी बाबांशी कामाचं बोलायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टोपी सारखी केली, आभाळाकडे पाहिलं आणि आईला उद्देशून म्हणाले, "भाभी, मासळी काल संध्याकाळी यायची ती आज आली. फार आली. दार उघडंच ठेवावं लागलं बराच वेळ. आज हवाही गरम आहे." एवढं बोलून ते निघून गेले. बाबांनी डोळे मिटले. दार उघडं म्हणजे पुढच्या खोलीत बाहेरची ऊन हवा. आता जे काही आत व्हायचं होतं ते होत होतं, आणि आम्ही भिंतीच्या अलीकडे बसून होतो. आईनं आदल्या दिवशी करून झाकून ठेवलेलं बिरडं वाढलं. तिघांनी चिवडलं. मी सारखी सूर्याकडे बघत होते, आणि तो जागचा हलत नव्हता.

पहिल्या चांदण्या दिसल्याबरोबर आम्ही गेलो. दार उघडताच आंबूस, कुजका वास नाकात गेला. बाबा उंबऱ्यातच थबकले. "गेली," ते म्हणाले. "सगळी गेली, दीना." मी कंदील वर धरला. वास एका कोपऱ्यातून येत होता. आधी आतल्या टोकाला, नळ्यांखाली असलेल्या पाट्या मऊ पडल्या होत्या, त्यातून पाणी सुटून पेंढा भिजला होता. बाबांनी बाह्या वर केल्या आणि त्या पाट्या ओढून बाहेर काढायला सुरुवात केली. मी मधल्या रांगेतून आलेल्या पाट्यांत हात घातला. काकड्या टणक लागल्या. एक, आणखी एक. काही डागाळलेल्या, पण टणक. आत दारालगत असलेल्या तर वेलावरून तोडल्यासारख्या.

रविवारी सकाळी रोडपालीच्या बायका अंगणात जमल्या. बाबांनी कुणालाही काही समजावलं नाही. वाचलेल्या मालातून त्यांनी पाटीभर काकड्या आणि वांगी काढली, अंगणाच्या मधोमध उन्हात ठेवली आणि स्वतः बाजूला जमिनीवर बसले. बायकाही बसल्या. सगळे त्या पाटीकडे बघत होते. कुणी हात लावला नाही. आई मधून मधून पाणी देत होती. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं, आणि मग दारात आडवी आलेली ती म्हातारी उठली, एक काकडी उचलून नखानं दाबली, तोंडात घालून कचकन तोडली. चावत राहिली.

"बरी हाय," ती म्हणाली.

एवढंच. पण बायकांमध्ये एकदम बोलणं फुटलं, कुणी रडायला लागलं, कुणी हसायला. चांगुणामावशी मात्र कोपऱ्यात काढून ठेवलेल्या कुजक्या ढिगापाशी उभी होती. तो जवळजवळ सगळा तिचाच होता. बाबा तिच्याजवळ गेले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"चांगुणाबाई, तुमचा माल मीच सगळ्यात आत लावला."

"जागा चांगली म्हनून लावला ना?"

"हो."

"मंग?" ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं.

बायका आपापल्या पाट्या भरायला लागल्या होत्या. त्या म्हातारीनं आपल्या पाटीतल्या ओंजळभर काकड्या काढल्या आणि मावशीच्या रिकाम्या पाटीत टाकल्या. मग दुसरीनं वांगी. मावशी "पुरे, पुरे गो" म्हणत राहिली आणि पाटी भरत राहिली. तिचं नुकसान त्यानं भरून निघालं नाही. त्या उन्हाळ्यात तिची लेक मिठागरात कामाला गेली, हे मला ठाऊक आहे. पण गावाचं बाकीचं माळवं वाचलं. त्या पुढच्या खोलीतून रोज थोडं थोडं निघालं आणि बाजारात विकलं गेलं.

सोमवारी बाबा कामाचे कपडे घालून निघाले, पण कारखान्याकडे वळले नाहीत. "कुठे?" आईनं विचारलं. "बांधावर," ते म्हणाले. "हसन बघेल यंत्राकडे." ते रोज गेले. संध्याकाळी परत आले की आई त्यांच्या खांद्यांवर गरम पाणी ओतायची. चिखलाच्या ओझ्यानं खांदे सुजलेले असायचे. ते इतकंच सांगायचे की खांड अजून किती राहिलीय.

पौर्णिमेच्या भरतीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले. खाडीला मोठी भरती ऐन दुपारी येते. सारं गाव बांधावर उभं होतं, नव्या ओल्या मातीपासून थोडा लांब, जणू आपल्या वजनानंही ती खचेल. पाणी हळूहळू चढत होतं. खारफुटीची झुडपं बुडाली, मग दगडांची रांग, मग पाणी नव्या मातीला लागलं. एका जागी माती किंचित खचली. दोन पोरांनी धावत जाऊन तिथे गवताचा पेंढा आणि चिखल दाबला. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली असताना थांबलं. किती वेळ थांबलं कोण जाणे. मग ओल्या मातीवर एक काळी रेघ दिसायला लागली, पाणी उतरत असल्याची. माणसं बसली, बिड्या पेटल्या. बाबा एकटेच उभे होते, त्या रेघेवर डोळे लावून.

"चला मिस्तरी," चांगुणामावशी म्हणाली. "आता रातच्याला येल पानी पुना."

"पुन्हा? आज रात्रीच?"

"रोजच येतंय," ती म्हणाली आणि घमेलं उचलून घराच्या वाटेला लागली.